कर्करोग आणि नेत्रदान

(महोत्सवी सभेतील भाषण)



नेत्रदानाचा विषय निघाला की एक शंका हटकून पुढे येते. कर्करोगाने गेलेल्या माणसाचे डोळे दुसऱ्यास बसविले, तर रोगही त्याला जडणार नाही काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर डोळ्याच्या घडणीतच आहे.

नेत्रदानात सबंध डोळा बसवीत नाहीत. बुबुळावरचा काचेसारखा पडदा, ज्याला कॉर्निया म्हणतात, तेवढाच बसवितात. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण अश्रूंवर व डोळ्यातील पाण्यावर होते. त्यामुळे फुप्फुस, स्तन, पोट अशा अवयवांचा कर्करोग असला, तरी हा पडदा सहसा निर्दोष राहतो व तो चालतो. चुन्याने दृष्टी गेलेल्या एका मजुराला डॉक्टर एदुआर्द झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी असाच पडदा बसविला. यशस्वी झालेली ही पहिली शस्त्रक्रिया होय.

अपवाद मात्र ध्यानात ठेवावेत. रक्ताचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग व डोळ्यातीलच काही गाठी असल्यास डोळे घेत नाहीत. एड्स, संसर्गजन्य कावीळ, रेबीज व रक्तात भिनलेला जंतुदोष यांतही घेत नाहीत. नेत्रपेढी दात्याचे रक्त तपासते, पडदाही पारखते. तेव्हा निवाडा तिच्यावर सोपवावा. घरच्यांनी आधीच 'नाही' म्हणू नये.

आपल्याकडचे रुग्ण उपचारांसाठी नागपूरला जातात. दीर्घ दुखण्यात माणसाला वाटू लागते, की आता आपले शरीर कुणाच्याच उपयोगाचे उरले नाही. अशा माणसाला 'तुमचे डोळे अजून कुणाला जग दाखवू शकतील' हे ठाऊक असणे लहानसहान गोष्ट नाही. पण त्याची इच्छा घरच्यांना माहीत हवी, कारण अखेर संमती त्यांनाच द्यावी लागते.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. म्हणून नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवावा. ती माणसे येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा व उशी देऊन डोके उंच करावे. काम थोड्या वेळात होते, चेहरा विद्रूप होत नाही, आणि दात्याच्या घरच्यांशी पैशाचा व्यवहार नसतो. अवयवांची खरेदीविक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या विश्वस्त निधीच्या प्रत्येक कुटुंबाने आज घरी गेल्यावर हा विषय एकदा बोलून ठेवावा, एवढीच विनंती.