खोडलेल्या ओळींचे मोल
(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आम्हांला विषय दिला आहे, 'विद्यार्थी आणि लेखन'. आम्ही साहित्यिक नाही, बँकेतले कारकून आहोत. पण काउंटरवर एक गोष्ट वारंवार दिसते. पोलादपूरकडच्या वाडीतला बारावी झालेला मुलगा अर्ज पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, कारण तेवढे तुम्हीच लिहा." त्याला वाचता येते, सहीही झोकात करतो, पण आपले म्हणणे चार ओळींत मांडायचे म्हटले की हात थांबतो. शाळेत त्याने निबंध लिहिलेला नसतो, गाईडमधला पाठ केलेला असतो.

लेखन ही जन्मजात देणगी आहे, असा आपला समज आहे. वही लाल शाईने भरून परत आली की मुले समजतात, आपल्याला हे जमणार नाही. अशा मुलांनी एका विद्यार्थ्याची हकीकत ध्यानात ठेवावी.

त्या विद्यार्थ्याला 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. ग्रंथांचे सामान ज्या जहाजावर होते, ते टॉर्पेडोने बुडाले. 1920 साली पैसे जमवून तो पुन्हा लंडनला गेला. 1922 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्याने सादर केला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला! जवळचे पैसे संपत आले होते. 1923 च्या एप्रिलमध्ये मुंबईस येऊन त्याने प्रबंध पुन्हा लिहून पाठवला. त्याच वर्षी त्याला डी.एस्‌सी. पदवी मिळाली आणि प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचाही प्रबंध परत आला होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि आपले मत सर्वच बाबतींत जुळत नाही, हेही तिच्यात नोंदवले. म्हणजे गुरूशी मतभेद असला तरी लेखन टाकाऊ ठरत नाही. मात्र मांडणी पक्की हवी. ती पक्की करण्यासाठी पुन्हा लिहावे लागते.

आता आपल्या अभ्यासवर्गातल्या एका विद्यार्थिनीचा अनुभव सांगतो. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाड बुडाले. तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे गेली. त्या पुरावर तिला लिहायला सांगितले. पहिल्या खेपेस तिने लिहिले, 'निसर्ग कोपला, आभाळ फाटले.' तिच्या घराचा त्यात उल्लेखही नव्हता. आम्ही विचारले, "पाणी आले तेव्हा घरात कोण होते? आधी काय उचललेस?" मग तिने आजोबांना माळ्यावर कसे चढवले आणि दप्तर खालीच कसे राहिले, ते लिहिले. तिसऱ्या खेपेस त्यातले अर्धे स्वतःच खोडले.

तिने वर्गात सांगितले, "पहिल्यांदा मी बाईंना आवडेल ते लिहिले. दुसऱ्यांदा आठवेल ते सगळे लिहिले, तेव्हा रडू आले. तिसऱ्यांदा लागेल तेवढेच ठेवले." लेखनाची प्रक्रिया याहून सोपी करून आम्हांला सांगता येणार नाही. पुढे पुरात भिजलेल्या दाखल्यांच्या दुय्यम प्रती मिळाव्यात म्हणून वस्तीतल्या चार घरांचे अर्ज तिनेच लिहिले. कारणाच्या जागी पोकळ शब्द नव्हते. कोणता दाखला, कोणत्या तारखेला, कसा गेला, एवढेच होते.

महाड तालुक्यातले रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहानपणी शिष्यवृत्ती मिळूनही अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्याविषयीचे पत्र वर्तमानपत्रात छापून आले आणि मग प्रवेश मिळाला. हेच मोरे पुढे 19 व 20 मार्च 1927 च्या महाड परिषदेच्या संयोजकांत होते. बंद दारावर नुसती थाप मारून जे झाले नसते, ते लेखी तक्रारीने झाले. आपले गाऱ्हाणे दुसऱ्याने लिहिले, तर त्यात काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हेही तोच ठरवतो.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे तीनच आग्रह आहेत. कच्च्या लेखनाची वही निराळी ठेवा आणि तिचे पान फाडू नका. लिहिलेले एक रात्र तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी ते घरात आईला वाचून दाखवा. तिला जिथे कळले नाही, तिथे पुन्हा लिहा. पालकांनीही पोराची वही हाती घेतली की आधी गुण न पाहता त्याने काय खोडले आहे, ते पाहावे.

पुढच्या वेळी बँकेत याल तेव्हा अर्ज भरायला आम्ही अवश्य मदत करू. कारण मात्र तुम्ही लिहायचे.

जयभीम!