शवविच्छेदनाचे टिपण आणि सातबारा

उमरगा किंवा परंडा तालुक्यातून विषप्राशनाने मरण पावलेल्या माणसाचा देह सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा न्यायवैद्यक त्या देहालाच प्रश्न विचारू शकते. व्हिसेरा राखून प्रयोगशाळेकडे धाडला जातो आणि काही काळाने रसायनाचे नाव कळते. वय व लिंगही देह सांगतो. परंतु व्यवसाय आणि कारण हे रकाने पोलिसांच्या चौकशीतून, शोकाने वा भयाने गांगरलेल्या नातेवाइकांच्या जबान्यांतून भरले जातात. आत्महत्येचे आपले बहुतेक समाजशास्त्र या रकान्यांवर उभे आहे.

त्यांत व्यवसायाचा रकाना सर्वांत फसवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात स्वतः शेती कसणाऱ्या ५,२०७ जणांच्या आत्महत्या आहेत; त्यांत स्त्रिया अवघ्या २०८. त्याच अहवालात 'गृहिणी' म्हणून नोंदलेल्या स्त्रिया मात्र २५,३०९! या साऱ्याच रानात राबणाऱ्या होत्या असे नव्हे. पण धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन खुरपणारी बाई कोणी पाहिली नाही? जिवंतपणी ती शेती करते. मेल्यावर गृहिणी ठरते, कारण सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचे नाहीतर नवऱ्याचे. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बाईच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, त्याचे मोल या रकान्यापाशी उमगते.

कायद्याचेही तसेच. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली तर तो विशेष चौकशी मागतो. आठव्या वर्षी घर तेच, जाच तोच. चौकशीची सक्ती मात्र संपते.

पुरुषांच्या वाट्याला 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द येतात. २००६च्या शासन निर्णयाने शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत ठरवली : ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. त्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन हवी, आणि कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. बटाईने कसणारा भूमिहीन या चौकटीबाहेर राहतो. मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्याची उचल हे या हिशेबात कर्जच नव्हे. शवविच्छेदनाच्या मेजावर या सर्वांचे देह सारखेच असतात. भेद तहसील कचेरीत सुरू होतो.

तरीही न्यायवैद्यकाच्या नोंदींतून एक गोष्ट निर्विवाद दिसते : ग्रामीण भागातील अनेक मृत्यू भांडणानंतरच्या एखाद्या घटकेचे असतात, आणि त्या घटकेला घरात काय हाताशी आहे यावर जीव ठरतो. श्रीलंकेने १९९५पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. कर्ज, दारू, घरातील कलह ही दुःखे तेथे संपली नव्हती. विष तेवढे कोपऱ्यातून गेले होते.