सांगणाऱ्याने झेलायलाही उभे राहावे

(एका व्यायामशाळेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्यायामशाळेच्या समारंभात वक्त्याने बलोपासनेचे महत्त्व सांगावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु ही उपासना आपण सारे नित्यनेमाने करीत आहात. आपल्याला तिचे महत्त्व सांगणे म्हणजे काशीत राहणाऱ्याला गंगेचे माहात्म्य ऐकवण्यासारखे होईल. म्हणून संयोजकांनी सुचवलेला एक साधा, व्यवहारातला प्रश्न मी आज घेणार आहे. आपल्या शेजारी एखादी अनोळखी व्यक्ती चुकीच्या पद्धतीने व्यायाम करीत असेल, तर तिला ते सांगावे की सांगू नये?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण त्याचे उत्तर देऊ लागलो की समाज म्हणून आपण एकमेकांचे कोण लागतो, येथवर जाऊन पोहोचावे लागते. प्रत्येक व्यायामशाळेत दोन प्रकारची माणसे असतात. एकाचे ब्रीद असते, ‘आपल्याला काय करायचे आहे? ज्याचे तो बघून घेईल.’ दुसरा दिसेल त्याला शिकवीत सुटतो. स्वतःचा व्यायाम कमी आणि इतरांचे परीक्षण अधिक. पहिल्याजवळ आस्था नाही, दुसऱ्याजवळ विवेक नाही. आपल्याला या दोहोंच्या मधली वाट शोधायची आहे.

तालमीतले नाते

आपल्या परंपरेत हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता, कारण तालमीत अनोळखी असे कोणी नसे. मुलगा तालमीत पाऊल टाकी तो वस्तादांच्या पाया पडून. त्याचे घर कोणते, वडील काय करतात, खुराक किती आहे, मागच्या पावसाळ्यात कोणता खांदा दुखावला होता, हे सारे वस्तादांना ठाऊक असे. जोर काढताना कंबर पडली तर पाठीवर थाप बसे, आणि त्या थापेचा अपमान कोणाला वाटत नसे. ज्या हाताने ती थाप बसे, तोच हात सायंकाळी दुखऱ्या अंगाला तेल लावी.

बडोद्याचे उदाहरण पाहा. जुम्मादादांकडून प्रा. माणिकरावांकडे आणि माणिकरावांकडून पुढे स्वामी कुवलयानंदांकडे विद्या गेली, ती अशाच सहवासातून. त्याच बडोद्यात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध झाले. शब्द आणि चित्रे यांनी जे सांगता येईल ते त्यात सांगितले आहे. तरीही त्या खंडांनी वस्तादांची गरज संपवली नाही. कारण स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. ती पाहायला दुसऱ्याचे डोळे लागतात.

मल्लखांबाच्या शिक्षणात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. नवशिका मुलगा खांबावर उलटा होतो तेव्हा शिक्षक लांबून ‘पाय ताठ कर’ असे ओरडत नाही. तो खांबाजवळ उभा असतो, हात पुढे करून. मुलगा घसरला तर तो आधी झेलतो आणि मग चूक सांगतो. आजच्या माझ्या सर्व म्हणण्याचा गाभा या एका दृश्यात आहे.

शेजार आहे, ओळख नाही

आता शहरातील आधुनिक जिम पाहा. येथे वर्गणी भरली की प्रवेश मिळतो. कानात गाणी असतात, समोर आरसा असतो. दोन वर्षे रोज सकाळी सहा वाजता शेजारच्या यंत्रावर येणाऱ्या माणसाचे आडनावही आपल्याला ठाऊक नसते. या व्यवस्थेला मी सरसकट दोष देणार नाही. तालमीची पायरी ज्यांना कधी चढता आली नाही, अशा असंख्य महिलांना, नोकरदारांना आणि ज्येष्ठांना व्यायामाची संधी या दालनांनी दिली आहे. पण वस्ताद-शागिर्द हे नाते तेथे उरले नाही, आणि म्हणूनच सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न निर्माण झाला.

त्यात अलीकडे एका विकृतीची भर पडली आहे. एखाद्याचा व्यायाम चुकत असताना त्याच्या नकळत मोबाइलवर चित्रण करायचे आणि ते चारचौघांत हसण्यासाठी पाठवायचे. ज्याची चूक दिसली त्याला सांगायचे नाही, पण जगाला दाखवायचे! स्थूल देहाचा एखादा गृहस्थ मोठ्या संकोचाने जिममध्ये येतो आणि अशा एका हशाने कायमचा घरी बसतो. बलोपासना करणाऱ्याच्या हातून असे होत असेल, तर त्याच्या दंडात बळ आले तरी मनात आले नाही, असेच म्हणावे लागेल.

‘चूक’ म्हणजे नेमके काय?

सांगण्यापूर्वी पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : मला जी चूक वाटते, ती खरोखर चूक आहे काय?

आपल्या बैठकीचेच उदाहरण घेऊ. अनेक जिममध्ये शिकवले जाते की खाली बसताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये आणि टाच उचलता कामा नये. आपल्या पारंपरिक बैठकीत गुडघा बोटांपुढे जातो आणि टाचही उचलली जाते. पिढ्यान्‌पिढ्या मल्लांनी अशाच बैठका शेकड्यांनी मारल्या. उद्या एखादा पहिलवान जिममध्ये बैठका मारू लागला, तर चार महिन्यांपूर्वी व्यायाम सुरू केलेला तरुण त्याला ‘चुकते आहे’ असे सांगायला धावेल! वजन खांद्यावर घेऊन बसण्याची रीत वेगळी आणि मोकळ्या अंगाने बैठक मारण्याची वेगळी, हा भेद त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

गुडघ्याच्या त्या नियमाचाही शास्त्रीय विचार झाला आहे. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजन घेऊन बसताना गुडघे मुद्दाम मागे रोखून पाहिले. तेव्हा गुडघ्यावरील भार कमी झाला हे खरे. पण धड पुढे झुकल्याने नितंबाच्या सांध्यावरील भार अनेक पटींनी वाढला. शिवाय प्रत्येकाची शरीररचना सारखी नसते. ज्याच्या मांडीचे हाड लांब, त्याला बसताना पुढे अधिक झुकावेच लागते. कोणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली असते आणि डॉक्टरांनी अर्ध्यावरच थांबायला सांगितलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला अर्धी बैठक दिसते. तिच्यामागचा वैद्यकीय सल्ला दिसत नाही.

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचेही कारण नाही. आपले आहे म्हणून बरोबर आणि परके आहे म्हणून चूक, ही काही शास्त्राची रीत नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, ते योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्यासाठी. आपलीच विद्या क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रांसमोर ठेवताना त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्याला इतरांना सुधारायचे आहे, त्याने आपले ज्ञानही असेच कसोटीला लावावे.

आणखी एक गोष्ट. आपण शेजाऱ्याच्या कोपराचा कोन पाहतो. आपल्या आयुर्वेदाने आधी मात्रा पाहिली. अष्टांगहृदयात वाग्भटाने सांगितले आहे की, बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा. अन्य ऋतूंत त्याहून कमी. अतिव्यायामाने तहान, थकवा, खोकला, ज्वर असे विकार होतात, असा इशाराही त्याने दिला आहे. म्हणजे अवयवांची ठेवण चुकणे ही एक चूक, पण आपली शक्ती न ओळखता भार उचलणे ही त्याहून मोठी चूक. ती केवळ बघून कळत नाही. त्यासाठी माणूस ओळखावा लागतो.

जेथे थांबू नये

मात्र काही प्रसंग असे असतात की तेथे ओळख, अधिकार, संकोच यांचा विचारच करू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे सराव करताना पॉवरलिफ्टिंगमधील सतरा वर्षांच्या एका खेळाडू मुलीच्या मानेवर वजनाचा दांडा कोसळला आणि तिचा मृत्यू झाला. ती सुवर्णपदक विजेती होती आणि प्रशिक्षक तिच्या पाठीशी उभे होते. तयारीच्या खेळाडूच्या बाबतीत असे घडू शकते, तर एकटाच बाकावर पाठ टेकून छातीवर वजन घेणाऱ्या नवशिक्याची काय कथा?

अशा माणसाचे हात थरथरू लागले, दांडा एका बाजूला कलला किंवा छातीवर अडकला, तर व्याख्यान देऊ नये आणि बघतही राहू नये. धावावे, दांड्याला हात लावावा आणि दुसऱ्यालाही हाक मारावी. अंगठा दांड्याभोवती न घेता कोणी भारी वजन छातीवर धरीत असेल, तर ते निसटून अंगावर येऊ शकते. तेथे आधीच सावध करावे. कोणी छातीत दुखते म्हणाला, दरदरून घाम फुटला, चक्कर आली, तर व्यायाम तात्काळ थांबवून त्याला बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. येथे ‘त्याला राग आला तर?’ ही शंका अप्रस्तुत आहे. रागावलेल्या माणसाची उद्या समजूत काढता येते.

वाणीचे तप

प्राणावरचा धोका नसेल तेथे मात्र विवेकाला पुरेसा अवकाश आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगितली आहेत. बोलणे उद्वेग न देणारे असावे, सत्य असावे, प्रिय असावे आणि हितकर असावे. व्यायामशाळेत बोलण्यापूर्वी या चार कसोट्या लावून पाहाव्यात.

सत्य म्हणजे मला याचे खात्रीचे ज्ञान आहे काय? चार चित्रफिती पाहून आलेले ज्ञान आणि शिक्षकाजवळ बसून मिळवलेले ज्ञान यांत अंतर आहे. हितकर म्हणजे सांगण्याने त्याचे भले होणार आहे, की माझा मोठेपणा सिद्ध होणार आहे? उद्वेग न देणारे म्हणजे मी हे चारचौघांत, त्याचा श्वास कोंडला असताना सांगतो आहे, की त्याचा संच पूर्ण झाल्यावर, बाजूला, हळू आवाजात? आणि प्रिय म्हणजे आरंभ ‘अहो, हे चुकते आहे’ असा करतो, की ‘दादा, एक सुचवू का?’ असा? परवानगी मागून सांगितलेली गोष्ट सहसा ऐकली जाते. समोरचा ‘नको’ म्हणाला, तर त्याच्या नकाराचाही मान राखावा आणि पुन्हा तोच विषय काढू नये.

येथे एक मर्यादा स्पष्टच सांगितली पाहिजे. अनुमतीशिवाय कोणाच्याही अंगाला हात लावून ठेवण सुधारू नये. एखादी अपरिचित भगिनी व्यायाम करीत असेल, तर पुरुषाने ही सूचना प्रशिक्षिकेमार्फत करणेच उचित. आपला हेतू कितीही शुद्ध असो, तो समोरच्याला ठाऊक नसतो, आणि निःशंक मनाने व्यायाम करणे हा त्या भगिनीचा अधिकार आहे. तसेच जेथे नेमलेला प्रशिक्षक आहे, तेथे प्रथम त्याच्या कानावर घालावे. त्याचे काम परस्पर आपण करू लागलो, तर तो बेफिकीर होतो आणि व्यवस्थाही बिघडते.

ओळख हेच उत्तर

मित्रहो, एवढे सगळे नियम सांगावे का लागतात? कारण आपण एकमेकांना ओळखत नाही. आपल्यापैकी ज्यांनी शाखेचे मैदान पाहिले आहे, त्यांना आठवत असेल की तेथे शिक्षक दंड धरण्याची पद्धत सुधारी, पण त्याचे काम मैदानावर संपत नसे. दोन दिवस स्वयंसेवक दिसला नाही, तर तो त्याच्या घरी जाऊन चौकशी करी. ज्याने घरी येऊन आईच्या हातचा चहा घेतला, त्याने मैदानावर केलेली सुधारणा टोचत नसे. सुधारण्याचा अधिकार निव्वळ ज्ञानाने मिळत नाही. तो आत्मीयतेने मिळवावा लागतो.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा विषय समाजापुढे ठेवला गेला. त्यातील नागरिक कर्तव्य म्हटले की आपल्याला वाहतुकीचा सिग्नल आणि मतदान आठवते. शेजारच्या माणसाची काळजी घेणे हेही नागरिक कर्तव्यच आहे. त्याची सुरुवात फार सोपी आहे. उद्या सकाळी आपण जेथे व्यायाम करता, तेथे शेजारच्याला नमस्कार करा, नाव विचारा. वजन जड वाटले तर ‘मी मागे उभा राहतो’ एवढे म्हणा. नवा आलेला संकोची माणूस दिसला, तर कोणते यंत्र कसे वापरायचे ते त्याने विचारण्याची वाट न पाहता त्याची ओळख करून घ्या. महिनाभराने तोच तुम्हाला विचारील, ‘माझे बरोबर होते आहे ना?’ ज्या दिवशी तो असे विचारील, त्या दिवशी सांगावे की न सांगावे, हा प्रश्नच उरणार नाही.

या व्यायामशाळेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. येथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात एक जुना सदस्य सोबती म्हणून द्यावा, आणि सर्व सदस्यांना हृदयविकाराच्या प्रसंगी करावयाच्या प्रथमोपचारांचे शिक्षण द्यावे. यासाठी मोठा निधी लागणार नाही. लागतील ते काही तास आणि झेलण्यासाठी पुढे येणारे काही हात.