मुखपृष्ठावरची शिवी



उद्याच्या परिसंवादाचा विषय आहे, 'शिवीच नाव म्हणून मिरवावी का?' मराठीत हा प्रश्न आपण चाळीसेक वर्षं उशिरा विचारतो आहोत. १९८० साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं, १९८४ साली शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी', १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. गावानं तोंडावर फेकलेले शब्द या लेखकांनी मुखपृष्ठावर छापले. परवानगी मागितली नाही. मागायची तरी कुणाकडे?

पण हे शब्द एका मापानं मोजू नयेत. 'उचल्या'मागे सरकारी शिक्का होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे देशभर पाळण्यातलं पोरही गुन्हेगार ठरू लागलं. १९५२ मध्ये कायदा गेला, माणसं कागदावर 'विमुक्त' झाली. तरी शिवारात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालांकडेच वळते. गायकवाडांच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानं समीक्षकांची भाषा बदलली, फौजदाराची बदलायची राहिली. शिवी आपलीशी केली की काम फत्ते, असं मानणाऱ्यांना मी एवढंच दाखवीन.

'अक्करमाशी'चं कोडं याहून अवघड. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचं ते उणं, म्हणून अनौरस. हाक मुलाला, घाव आईला. मुलानं ती शिवी स्वतःच्या अंगावर घेतली हे धाडस खरंच, पण आईच्या वाट्याचंही तोच कसं घेणार, हे मला आजही उलगडत नाही. मला पटलेला एक मार्ग १९९४ साली दिसला. 'कोल्हाट्याचं पोर' लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरनं नाव लावलं किशोर शांताबाई काळे. बापाचं नाव विचारून ज्याला खाली मान घालायला लावायचे, त्यानं त्या जागी आईचं नाव लिहिलं. शिवीला याहून चोख उत्तर मराठीत मी वाचलेलं नाही.

उलट बाजूही पाहा. 'हरिजन' हे नाव तर गोड होतं, देवाशी नातं सांगणारं. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत ते कायद्यात घालायचं ठरलं, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. दुसऱ्यानं ठेवलेलं गोड नाव नाकारायचं आणि दुसऱ्यानंच दिलेली शिवी उचलून धरायची, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे निवड ज्याची त्यानं केली आहे.

आता आपल्याबद्दल, म्हणजे ज्यांना ही शिवी कधी बसलीच नाही त्यांच्याबद्दल. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाचं नाव 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' आहे. यातल्या 'मी'च्या जागी 'तू' घालून बघा. साहित्य संपतं आणि छळ सुरू होतो. पुस्तकाचं नाव वर्गात घ्यावंच लागतं. पण ते घेताना बाकावर त्याच जमातीचं पोर बसलेलं असू शकतं, आणि त्यानं तो शब्द आपलासा केलाय की नाही हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. लेखकानं केलेली निवड सबंध जमातीवर बंधनकारक कशी होईल?

म्हणून संयोजकांना एक विनंती. उद्याच्या परिसंवादात शब्द मिरवणारे लेखक आहेतच. त्याच वस्त्यांतून आलेले, पण ते शब्द अंगाला लावून घ्यायला साफ नकार देणारे दोघे-तिघे मला प्रेक्षकांत दिसत आहेत. त्यांच्यासाठी व्यासपीठावर खुर्च्या वाढवा, आणि माझ्या समारोपाचा वेळ त्यांना द्या.