जोखीम कोणाची, हिशेब कोणाचा?



लस टोचून घ्यावी की नाही, हा प्रश्न वैद्यकाचा, असे आपण समजतो. आम्हांला तो निम्माच वैद्यकाचा वाटतो. धोका किती, हे शास्त्रज्ञ सांगेल. परंतु तो कोणी पत्करावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

मुंबईच्या प्लेगाचेच पाहा. १८९६ साली साथ आली आणि वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग पाळी आली भायखळ्याच्या तुरुंगाची. होकार देणाऱ्या कैद्यांना लस टोचली. न घेतलेल्यांत आजार व मृत्यू अधिक झाले. आकडे लशीच्या बाजूने बोलले, हे खरे. पण कुलपाआडच्या माणसाचा होकार तो कितीसा मोकळा? (प्लेगाने वेढलेला बाहेरचा माणूस तरी कुठे मोकळा होता म्हणा!)

पुढची हकीकत पंजाबातील मलकवालची. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस टोचली, आणि एकाच बाटलीतून ती मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी समितीने ठपका ठेवला तो परळच्या प्रयोगशाळेवर. लस लवकर व भरपूर तयार व्हावी म्हणून तेथे कार्बॉलिक आम्ल वगळून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. हाफकिन निलंबित झाले. वास्तविक बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते दोषमुक्त झाले.

माणसे पटापट मरत असताना लशीची घाई करणे गैर होते काय? आम्ही तसे म्हणणार नाही. लस थांबली असती तर प्लेग थांबणार नव्हता. परंतु लाखांच्या हिशेबात १९ हा आकडा किरकोळ ठरतो, मलकवालच्या घरांत तो किरकोळ नव्हता. आणि वाद इतकी वर्षे चालला, तो दोष प्रयोगशाळेचा की चिमट्याचा याविषयी. त्या गावकऱ्यांना दंड पुढे करण्यापूर्वी कोणी, काय आणि कोणत्या भाषेत सांगितले होते, हा प्रश्न त्या वादाच्या मध्यभागी कधी आलाच नाही.