कालवडीच्या गव्हाणीतला चोथा



वाळूज भागातल्या बिअर कारखान्यांचा ओला चोथा आपल्या गोठ्यांना नवा नाही. बार्लीचं गोड पाणी काढून घेतल्यावर उरतो तो हा चोथा. पाणी आंबवायच्या आधीच तो बाजूला होतो, म्हणून त्यात दारू नसते. ती शंका सोडा.

मला बोलायचंय कालवडींबद्दल. गाडी आली की ताजा चोथा दुभत्या गाईंना. चौथ्या दिवशी तो आंबतो, वर पांढरी बुरशी धरते, आणि मग तोच कालवडीपुढे. का, तर ती कुठं दूध देतेय! असं करू नका हो.

घरातलं इडलीचं पीठ आठवा. उन्हाळ्यात रात्री भिजवलेलं सकाळी फुगतं, दुपारी आंबट होतं. आपण ते झाकतो, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवतो. चार दिवस उघड्यावर पडलेल्या पिठाची इडली लेकराच्या ताटात वाढाल का? चोथ्याच्या १०० किलोत ७५ ते ८० किलो पाणीच असतं, आणि त्याचा ढीग आपण उन्हात सोडतो. पिठाची एवढी काळजी, मग चोथ्याची का नाही? बुरशीचा चोथा खाल्लेली जनावरं थरथरतात, मागच्या पायांत लटपटतात. तो दुभत्या गाईला नको, तसा कालवडीलाही नको. उकिरड्यात टाका.

ताजा चोथा मात्र वाढत्या अंगाला फार चांगला. वाळवून मोजला तर शेकडा २० ते २५ भाग प्रथिनं. २०० किलोच्या कालवडीला रोज ४-५ किलो ओला चोथा कडबा कुट्टीत कालवून द्या. त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम कमी, म्हणून खनिज मिश्रण हवंच. तीन महिन्यांच्या आतल्या वासराला चोथा नको. आणि पुन्हा सांगतो, ताजा! वाटणी करायचीच तर ताज्याची करा. थोडा गाईला, थोडा कालवडीला. आज जिला शिळं घालताय, तीच दोन-अडीच वर्षांनी तुमची दुभती गाय होणार आहे.

दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच आणा. गाडी पूर्ण घ्यावी लागत असेल तर शेजारी मिळून वाटून घ्या. नाहीतर मुरघासासारखा खड्ड्यात दाबा, हवा राहू देऊ नका, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर माती. पाणी फार सुटलं तर तळाशी कुट्टीचा थर... वेळ संपल्याची खूण झाली. थराचं पुढच्या वेळी सांगतो. तोवर आज संध्याकाळी कालवडीच्या गव्हाणीतला चोथा मुठीत घेऊन वास घ्या.