आराखड्यावरील मापें



घराचा आराखडा हातीं आला म्हणजे आपण प्रथम खोल्या मोजतों, खिडक्या कोणत्या दिशेस आहेत तें पाहतों. रेषांच्या कडेला मांडलेल्या बारीक आंकड्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सुतार आणि गवंडी मात्र आधीं तेच वाचतात.

पूर्वीं हे आंकडे आरेखक पट्टीनें मोजून शाईनें लिहीत असे. १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीनें रेषा काढण्याची व त्या रेषांमधील संबंध यंत्राकडून राखून घेण्याची सोय त्यांत होती. १९८२ सालीं ‘ऑटोकॅड’ आलें आणि हळूहळू हें काम लहान कचेऱ्यांच्याहि आवांक्यांत आलें.

माप घालण्याची रीत सोपी आहे. भिंतीचीं दोन टोकें दाखवावीं. संगणक त्यांच्यापासून किंचित् अंतर सोडून दोन बारीक रेषा बाहेर काढतो, त्यांच्यामध्यें मापरेषा आंखतो, तिच्या टोकांना बाण लावतो आणि वर आंकडा मांडतो. हा आंकडा कोणी लिहिलेला नसतो. तो मोजलेला असतो. माप भिंतीशीं जोडलेलें असलें, तर भिंत सरकवितांच आंकडाहि बदलतो. साऱ्या सोयीचें मर्म या जोडणींत आहे.

आणि घाईंत नेमकी तीच तोडली जाते! समजा, दाराची जागा पडद्यावर ८८५ मिलिमीटर भरली; हवी ९००. भिंत सरकविण्याचा कंटाळा येतो, म्हणून मोजलेला आंकडा काढून त्या जागीं ९०० असें हातानें लिहिलें जातें. कागद निर्दोष दिसतो. कामावर दाराला ९०० दिले जातात, आणि शेजारीं १२०० म्हणून दाखविलेल्या कोनाड्यांत केवळ ११८५ उरतात. तोंवर १२०० चें कपाट तयार होऊन जिन्यापर्यंत आलेलें असतें. बोल मात्र सुताराला लागतो. हा निव्वळ अन्याय आहे.

दुसरी अडचण बेरजेची. एका रांगेंतील चार फळ्या प्रत्येकीं ४५०.४ मिलिमीटरांच्या आहेत. अपूर्णांक दाखवावयाचे नाहींत असें ठरविलें, तर प्रत्येकीवर ४५० उमटतात आणि एकूण मापावर १८०२. चार वेळां साडेचारशें म्हणजे अठराशें, हें कोणीहि सांगेल. मग सुतारानें विश्वास ठेवावा कोणत्या आंकड्यावर? म्हणून जाणता आरेखक साखळींतील एखादें माप गाळतो, किंवा तें कंसांत घालून केवळ माहितीपुरतें ठेवतो.

राहतां राहिली पट्टी. कागदावर मावावा म्हणून आराखडा पुष्कळदां थोडा लहान करून छापतात. अशा कागदावर पट्टी ठेवून घेतलेलें माप फसवें ठरतें. लिहिलेलीं मापेंच प्रमाण मानावीं, कागद मोजूं नये, अशी सूचना आराखड्याच्या कोपऱ्यांत आढळते ती यासाठींच. आपल्या घरीं काम निघालें, तर ती आहे कीं नाहीं तेवढें पाहून घ्यावें, आणि कोठला आंकडा हातानें बदलला आहे, हें आरेखकाला खुशाल विचारावें.